ताम्हणातला पाचवा देव

मूस तापली होती.

चिंचेखाली आकारामनं कोळशाची भट्टी रचली होती. एका हातानं भाता चालवत, दुसऱ्यानं कपाळाचा घाम पुसत तो आत्याकडं बघत होता. चंद्राबाई सोप्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर ताम्हण, ताम्हणात देव.

"आत्या, दे आता. कोळसा फुकट जळतोय."

"जळू दे."

"मद्रासला गिऱ्हाइकानं हाणलं असतं मला एवढ्या येळात."

"मग जा मद्रासला."

आकाराम विट्याचा, तिच्या भावाचा मुलगा. मद्रासला सोनं-चांदी गाळायचं दुकान. वैशाखात घरी आला होता, म्हणून त्याला बोलावून घेतलं होतं. कारण या घरात चुली दोन होतात तेव्हा देव वाटत नाहीत, देव वितळवतात. जुन्या टाकांची चांदी एक होते, तिच्यात थोडी नवी पडते, दोन सारख्या पट्ट्या ओततात आणि त्यातून सोनार दोन्ही घरांचे नवे टाक ठोकतो. खरा देव तुझ्याकडं राहिला, असं मग कुठल्याच भावाला दुसऱ्याला म्हणता येत नाही. चंद्राबाईचा नवरा नानासो, त्याच्या आजानं असंच केलं होतं. आता नानासोंचे मुलगे करत होते. नानासो जाऊन वर्ष झालं होतं.

थोरला लालासाहेब, पलटणीतून हवालदार होऊन आलेला, रानावर राहणार होता. धाकटा बाळासो सांगलीला हळदीच्या अडतीवर होता आणि तिथंच बिऱ्हाड करणार होता. भांडण नव्हतं. भांडण सकाळी सुरू झालं.

ताम्हणात पाच होते. जोतिबा, खंडोबा, भवानी, घोड्यावरचा वीर. पिढ्यान् पिढ्यांच्या अंगठ्यांनी चौघांची नाकंडोळी पुसून गेलेली. आणि पाचवा, डोळोबा. त्याला मुळातच तोंड नव्हतं. हळदकुंकवाच्या थराखाली एक डोळा तेवढा हाताला लागायचा.

सकाळी थोरल्या सुनेनं, विजयमालानं, सगळ्यांना चिंच लावून घासलं. डोळोबाचा थर सुटला. खालून दोन टांगा फाकवलेलं काहीतरी निघालं, त्याच्याखाली गवंड्याचा गुण्या निघाला, मधोमध उघडा डोळा. आणि कडेनं इंग्रजी अक्षरं.

बाळासोनं ती वाचली आणि हसायला लागला. मग हसायचा थांबला.

"आई, ह्यो देव न्हाई. ह्यो भुताच्या बंगल्यातला बिल्ला हाय."

\*

भुताचा बंगला सातारच्या कॅम्पात आहे म्हणे, खिडक्या कायम बंद, महिन्यातून एकदा साहेब लोक काळा कोट घालून येतात, पुढं पांढऱ्या कातड्याचा पडदा बांधतात, आपल्यातले चांभार बांधतात तसा, आणि आत जातात, आणि नव्या माणसाला डोळे बांधून आत नेतात, गळ्यात दोर घालतात, छातीला टोक लावतात, आत तिरडी असते, तिच्यावर निजवतात, मग तो माणूस उठतो पण तो तोच नसतो, आत बोकड असतो, काळा, तो मराठीत बोलतो, नाही इंग्रजीत, नानासोला विचारा की, विचारलं, काय म्हणाला, काय म्हणणार, पाणी प्यायला आणि बैलांकडं गेला, बाटला असणार, बाटला नाही तर एवढं गप्प राहायला काय झालं.

असं गाव म्हणायचं. बरीच वर्षं म्हणत होतं. नानासोंच्या मयताला भावकीतल्या दोघांनी खांदा दिला नव्हता, तो याच्यामुळंच.

चंद्राबाईनं हे सगळं ऐकलं होतं. तिचा संशय वेगळा होता. बोकडाचं तिला काही नव्हतं. सभेच्या दिवशी नवरा पहाटे निघायचा आणि म्हणायचा, "एक भाकरी जास्त बांध." कुणासाठी, ते सांगायचा नाही. ती बांधायची. बांधताना लसणाची चटणी जरा जास्तच तिखट करायची.

\*

पुन्हा. मूस तापली होती, आणि अंगणात चार माणसं चार बाजूंना तोंड करून उभी होती.

बाळासो म्हणाला, "वितळवा. गोऱ्यांचं हाय, गोरं गेलं. चांदी तेवढी ऱ्हाऊ दे."

लालासाहेब म्हणाला, "दुसऱ्याची चीज वितळवायची? त्या सोडावॉटरवाल्या पारशानं मला पेन्शनीच्या दिवशी गाठून सांगितलंय, तुमच्या वडलांकडं आमची एक वस्तू हाय, मंगळवारी न्यायला येतो. मी ट्रंका उसकल्या. मला काय ठावं ती देवात बसलीया! आज मंगळवार हाय. तो येस्तवर कुणी हात लावायचा न्हाई."

"परत देनार? वा रं हवालदार. अजून सलाम ठोकायची सवय गेली न्हाई."

"तोंड सांभाळ, बाळ्या."

"आबा आयुष्यभर त्यांच्या दारात उभं ऱ्हायलं. गोऱ्यांचं दरवान. बेचाळीसला आमी तारा तोडत होतो, तवा माझ्या तोंडावर पोरं म्हणायची, तुझा बाप कुटं हाय रं?"

"मी मधी बोलू का?" विजयमाला म्हणाली. एरवी ती दिरासमोर बोलत नसे. "वितळवायचाबी न्हाई आनि द्यायचाबी न्हाई. तुमचं दादा इटलीत हुतं, सा म्हैनं कागूद न्हाई. मी कुणाला साकडं घातलं? जोतिबाला घातलं, भवानीला घातलं. आनि ह्याला घातलं. त्यानंतरच्या सोमवारी कागूद आला."

"वैनी, तो कंपास हाय."

"असू दे. कंपासानं आणला माझा नवरा."

आकाराम भात्यावरून म्हणाला, "मी एक सांगू? मला तोळ्यावर मजुरी हाय. देव असू दे, बिल्ला असू दे, चांदी चांगली हाय."

 सगळे चंद्राबाईकडं बघायला लागले. देवात तो तिनं बसवला होता. तिनंच सांगायचं होतं.

तिला यातलं काहीच ठरवायचं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की ज्या माणसाशी तिनं जन्म काढला तो त्या बंद खिडक्यांच्या आत काय करत होता, ते कुणीतरी सांगावं. ते कळलं तर ती हे काय आहे ते म्हणेल. तोवर ताम्हण मांडीवरून हलणार नव्हतं.

\*

बेचाळीस साल. पाऊसकाळ संपत आलेला. नवरा भलत्याच दिवशी सातारहून आला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"हे देवात ठेव."

"कुटला देव?"

"ठेव म्हंजे ठेव."

"आवं पर नाव काय? कुंकू लावताना काय म्हनू?"

"नाव घ्यायची मुभा न्हाई."

एवढंच. बैलांकडं गेला.

त्याला ती वस्तू लपवायची होती. घरात पोलीस आले असते, चोर आले असते, तरी देव्हाऱ्यात कुणी हात घातला नसता. त्याचा हिशेब तेवढाच होता. पण देव्हाऱ्यातली वस्तू उपाशी ठेवता येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. पूजा बायका करतात. दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं चौघांना आंघोळ घातली तशी पाचव्याला घातली, हळद लावली, कुंकू लावलं, डोळा दिसला म्हणून डोळोबा म्हणाली. नाव घ्यायचं नाही याचं तिला नवल वाटलं नाही. तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं होतं? ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याच्याच नावानं कुंकू लावायचं, हे तिला लग्नापासून अंगवळणी पडलेलं होतं.

त्यानं पाहिलं होतं. एकदा पूजा चालू असताना मागं येऊन उभा राहिला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती वस्तू घरी आणल्या दिवसापासून तो सभेला कधी गेला नव्हता. जास्तीची भाकरीही थांबली. बाई मेली असेल, असं चंद्राबाईला वाटलं होतं.

\*

टांगा दारात थांबला तेव्हा उन्हं चढली होती. उतरला तो म्हातारा, बुटका, पांढऱ्या डगल्यातला, डोक्यावर काळी टोपी. खोकत, छत्रीवर भार देत अंगणात आला, भट्टी बघितली, मूस बघितली, ताम्हण बघितलं आणि मटकन खाली बसला.

"अरे देवा! वितळवला?"

"न्हाई अजून," लालासाहेब म्हणाला. "पानी आना गं."

"मी एदलजी, बाई. कॅम्पात सोडावॉटरचं दुकान." तो चंद्राबाईशी बोलत होता, पण नजर ताम्हणावर होती. "तो कसा चकाकते! आमच्याकडं कधी एवढा साफ नव्हता."

"रोज आंघोळ हुती त्याला," विजयमाला म्हणाली.

"आंघोळ?"

"आनि नैवेद्य."

एदलजीनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग त्याला कळलं. तो हसेल असं बाळासोला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"काय हाय ते?" चंद्राबाईनं विचारलं. "सांगा. नाव घ्यायची मुभा नसंल तर नाव नका घेऊ."

"आता कसली मुभा, बाई. साहेब लोक गेला. आम्ही चार म्हातारे उरलो. खुर्च्या विकल्या. फरशीचं कापड उंदरानं खाल्लं. आता हा पुण्याच्या मोठ्या घरी पाठवायचा, नि दाराला कुलूप." तो पुढं सरकला, पण बोट लावलं नाही. "हा खालचा गुण्या. गवंडी कोपरा बघतो ने, तोच. वागनं काटकोनात ठेव, असं सांगतो. हा वरचा कंपास. आपल्याभोवती एक गोल काढ, नि आपली हाव त्याच्या भाईर जाऊ देऊ नको. आनि हा डोळा, तो वरच्याचा."

"कुणाच्या वरच्याचा?" बाळासो म्हणाला.

"ते विचारायचं नाय. आत पारशी होता, मुसलमान घोडाडॉक्टर होता, बामन वकील होता, गोरे होते. ज्याला जो असेल तो. धरम नाय बोलायचा, राजकारन नाय बोलायचं. पयला मास्तर, म्हंजे सभेचा मुख्य, रस्ते बांधनारा इंजिनेर होता, पलटनीच्या साहेबांनी मिळून लॉज, म्हंजे ही भावाभावांची मंडळी काढली, माझ्या आजोबाच्या वखताला. हा बिल्ला त्याच्या गळ्यात होता. मग जो मास्तर होईल त्याच्या. सगळी हत्यारं गवंड्याची. एक ओबडधोबड दगड, एक घासलेला. मानूस ओबड येतो, घासून जायला पायजे. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ह्यात लपवायचं काय हुतं?"

"तेच ने!" एदलजीनं छत्री आपटली. "लपवायसारखं काय पन नव्हतं. पन ते लपवायला तलवारवाला मानूस ठेवला होता."

चंद्राबाई म्हणाली, "त्यो म्हंजे ह्ये."

"हो बाई. नानासो."

"ते आत काय करायचे?"

एदलजीनं छत्री बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाला, "नानासो आत नव्हते. भाईर होते."

\*

"बाहेर म्हंजे?"

"दाराच्या भाईर. व्हरांड्यात. स्टुलावर. हातात उघडी तलवार."

"पर शपथ घेतली हुती की."

"घेतली. पयल्या दिवशी आत आले, शपथ घेतली, भाऊ झाले. मग भाईर गेले. कुनीतरी बसायलाच लागतं. पलटनीतला जवान होता, साहेबाचा भरवसा होता."

"समदी वर्सं?"

"समदी. मी आतल्या बाजूला, दाराला पाठ लावून. माझं काम तेवढंच. कुनी आलं की नानासो भाईरून ठोकायचे, मी आतून ठोकायचा. आमी एका दाराच्या दोन बाजूला म्हातारे झालो."

"मग आत काय चालतंय ते त्यांना..."

"आवाज पन ऐकू जात नव्हता. दार सागवानी."

"आनि जास्तीची भाकरी?"

"काय?"

"मी एक भाकरी जास्त बांधायची."

"ती तुमी बांधायचा?" म्हाताऱ्याचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "ती माझी! सभेनंतर साहेब लोक टेबलावर उकडलेलं मटन खायचे. मला नाय जायचं ते. मी भाईर येऊन नानासोजवळ बसायचा. बाई, ती चटनी! डोळ्यातून पानी यायचं. मी म्हनायचा, नानासो, तुमची बायडी रागावली काय आपल्यावर?"

\*

विजयमालानं पदर तोंडाला लावला. हसू होतं की दुसरं काही, ते तिलाच माहीत. चंद्राबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एका बाईचा तिनं एवढी वर्षं मनात राग धरला होता, आणि ती बाई समोर बसून पाणी पीत होती. तिला दाढी होती.

"मग सोडलं का त्यांनी?" लालासाहेबानं विचारलं. तो लढाईवर होता तेव्हाची गोष्ट.

"बेचाळीसला पोरं आली. भर दुपारी. रॉकेलचे डबे घेऊन. सगळीकडं सरकारी बंगले जळत होते, हा पन गोऱ्यांचाच. साहेब लोक कुनी नव्हते. मी आत लॉजचे बिल्ले-दागिने पेटीत भरत होतो. खिडकीच्या फटीतून बघितलं. पोरं ओरडली, म्हाताऱ्या, बाजूला हो. नानासो उठले. मी म्हटलं, आता तलवार चालनार. त्यांनी तलवार म्यानात घातली. दार उघडलं. म्हनाले, या. वहाणा काढा आनि बघा."

"आत घेतलं?" बाळासो म्हणाला.

"सगळ्यांना. दोन खांब, तीन खुर्च्या, काळीपांढरी फरशी, दोन दगड. नानासोनं एकेक दाखवलं, समजावलं. गुण्या काय, कंपास काय. एक पोरगा म्हनाला, भूत कुठं हाय? नानासो म्हनाले, ते तुमच्या गावातच ऱ्हायलं, बाबा." एदलजी हसला आणि खोकला. "पोरं बसली थोडी. मी सोडा पाजला सगळ्यांना. गेली. एक काडी पेटली नाय."

"मग?"

"मग नानासोनं पट्टा काढला. म्हनाले, एदू, मी शपथ मोडली. भाईरच्यांना आतलं दावलं. आता मी हितं बसायचा नाय. मी म्हटलं, अरे तुमी घर वाचवलं! ते म्हनाले, ते येगळं नि हे येगळं. मास्तर लोक पन काय बोलले नाय, राजीनामा घेतला. मीच हा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, पोरं परत येतील, हा तुमच्याकडं ठेवा. आनि ते म्हनाले, एदू, तू माझ्या घरी यायचं नाय. विचारतील, आनि मला सांगायचा हक नाय."

भाता थांबला होता. बाळासो मातीकडं बघत होता. मग त्यानं पुढं होऊन ताम्हणातून पाचवा उचलला, धोतरानं उगीचच पुसला आणि आईच्या हातात ठेवला.

"आकाराम, हे चार घे," तो म्हणाला. "ह्यो न्हाई."

चंद्राबाई हातातल्या डोळ्याकडं बघत राहिली.

"साऱ्या मुलखाच्या पोरांना दावलं," ती म्हणाली. "आनि मला न्हाई."

\*

 ही गोष्ट माझ्या हातात असती तर मी ती तिथंच संपवली असती. पण ती उठली.

"मी येते," ती एदलजीला म्हणाली. "ती खोली दावा. मग न्या."

एदलजी गडबडला. "बाई, बायकांना आत... आजपर्यंत कुनी..."

"पोरांनाबी न्हवतं."

लालासाहेब, जो सकाळपासून परत द्या म्हणत होता, तोच आता आडवा आला. "आई, नगं. आबांनी जलमभर नेम पाळला. एकदा मोडला तर सवताला शिक्षा केली. तू कशाला..."

आणि बाळासो, जो वितळवा म्हणत होता, त्यानं आधीच बाराबंदीच्या गाठी मारल्या होत्या. "मी येतो संगं. सांगलीची गाडी उद्याची धरीन."

"अरं तू आबांना दरवान म्हनत हुतास सकाळी!"

"दरवानच हुतं," बाळासो म्हणाला. "चल आई."

विजयमाला आत गेली ती लौकर येईना. आली तेव्हा तिच्या हातात गाठोडं होतं. पाचव्याला तिनं शेवटचं कुंकू लावलं. "असा कसा पाठवायचा? परगावी निघालाय. दहीभात हाय त्याला. आनि भाकरी." मग एदलजीकडं न बघता, "चटणीबी घातलीया."

मागं आकारामनं जोतिबा मुशीत सोडला. मग खंडोबा, भवानी, वीर. चौघं एकमेकांत मिसळताना बघायला अंगणात दोघा भावांपैकी लालासाहेब एकटाच उरला होता.

\*

कॅम्पातला बंगला चंद्राबाईला वाटला होता तेवढा मोठा नव्हता. कौलं, व्हरांडा, सागवानी दार. दारावर तोच गुण्या आणि तोच कंपास, लाकडात कोरलेला. एदलजीनं कुलूप काढलं, दोन्ही फळ्या ढकलल्या. आतून बंद घराचा वास आला. खिडकीच्या फटीतून ऊन आत पडलं होतं आणि लांब टोकाला दोन खांब दिसत होते. वर काहीच न पेललेले, नुसते उभे.

बाळासो उंबऱ्यापर्यंत गेला, आत डोकावला. वहाणा काढल्या आणि एदलजीमागोमाग आत गेला.

"ये ने बाई," एदलजी म्हणाला. "आता कुनाची बंदी नाय."

चंद्राबाई दारातच थांबली. दाराच्या उजव्या अंगाला एक स्टूल होतं. बैठकीचं लाकूड मधे खोल झालेलं, एका माणसाच्या मापाचं. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग त्याच्यावर बसली. दाराकडं पाठ, तोंड बाहेर. तो बसायचा तसं.

समोर रस्ता होता, कडुलिंबाची रांग होती, आणि रांगेच्या वर, आभाळाला लागून, जरंडेश्वराचा डोंगर. तिनं तो आयुष्यभर बघितला होता, पण पलीकडून. तिच्या अंगणातून सूर्य त्याच्यामागं मावळायचा. इथून तो पाठमोरा होता. त्याच्या पाठीमागं तिचं गाव, चिंच, अंगण.

आतली दोन माणसं तिची वाट बघत थांबली होती. तिनं गाठोडं सोडलं. बिल्ला एदलजीच्या हातात दिला, कुंकवासकट. भाकरीचे दोन तुकडे केले.

"आई, आत न्हाई येनार? त्येवढ्यासाठी आलीस की."

"बघून घे तू," ती म्हणाली. "मी हाय हितं भाईर."

आणि मोठा तुकडा तिनं दाराच्या आत, म्हाताऱ्याच्या दिशेनं धरला.